डाग, ऐब आणि दाम
डागी कापड असो की जुनी सिगडी, पैसे मोजण्यापूर्वी हे पाहा

बाजारात डाग पडलेला माल दिसला की गिऱ्हाईक दोन पावले मागे सरते आणि जाणता व्यापारी दोन पावले पुढे येतो. कारण साधे आहे. डागामुळे मालाचा भाव पडतो, पण प्रत्येक डागामुळे माल खराब झालेला असतोच असे नाही. जो डाग दहा रुपयांच्या साबणाने निघणार आहे, त्याच्यापायी विकणाऱ्याने शंभर रुपये सोडले असतील, तर उरलेले नव्वद रुपये घेणाऱ्याच्या गल्ल्यात जातात. याच्या उलटही घडते. वरून चकाचक दिसणाऱ्या मालाच्या पोटात ऐब असतो आणि घेणारा पूर्ण दाम मोजून घरी येतो.

मोठ्या पेढीला असे एखादे नुकसान सोसते. पण आपल्या वाचकांत मोठा वर्ग छोट्या व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा आहे. कोणी कटपीसची लाट उचलून फेरी करतो, कोणी रमजानपुरती कबाबची गाडी लावतो. त्यांच्या गाठीला पंधरा-वीस हजार रुपये असतात आणि त्यातच सगळा संसार मांडायचा असतो. अशा माणसाची पहिलीच खरेदी फसली तर धंदा सुरू होण्यापूर्वीच मोडतो. म्हणून डाग कसा ओळखावा, तो कसा काढावा आणि त्यावरून मालाचा भाव कसा बांधावा, हा हिसाब या लेखात मांडत आहे. आधी कापड घेतो, कारण आमची उमर कापडाच्या गादीवर गेली आहे. मग तोच हिसाब जुन्या लोखंडी सिगडीला, म्हणजे हल्ली ज्याला सर्रास ग्रिल म्हणतात तिला, लावून दाखवतो.

डागाच्या तीन जाती

डाग शेकडो प्रकारचे असले तरी खरेदीदाराच्या दृष्टीने त्यांच्या तीनच जाती आहेत.

पहिली जात वर बसलेल्या डागाची. धूळ, चिखल, ताजे तेल, काजळी हे मालाच्या अंगावर बसलेले असतात, अंगात शिरलेले नसतात. ते धुतले की जातात.

दुसरी जात मुरलेल्या डागाची. हळद, चहा, पानाचा कत्था, शाई, गंजाचा पिवळा ओघळ हे धाग्याच्या आत उतरतात. यांना त्यांचे त्यांचे औषध लागते. कधी पूर्ण निघतात, कधी पुसट खूण राहते.

तिसरी जात माल खाल्लेल्या डागाची. बुरशीने कुजलेले सूत, बॅटरीच्या ॲसिडने जळलेला कपडा, गंजाने पोखरलेला पत्रा. इथे डाग ही नुसती निशाणी असते, आतला माल गेलेला असतो. याला औषध नाही. याला ऐब म्हणतात.

पहिल्या जातीला धुलाईच्या खर्चाइतकीच सूट मागावी. दुसऱ्या जातीला, डाग निघाला नाही तर माल कोणत्या भावाने विकला जाईल, ते पाहून भाव करावा. तिसऱ्या जातीला फक्त चिंधीचा किंवा भंगाराचा भाव द्यावा, नाहीतर सलाम करून पुढे जावे.

आधी कापड ओळखा

डागावर हात घालण्यापूर्वी कापड कशाचे आहे ते कळले पाहिजे. काठाचा एक धागा उपसून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळते, आक्रसते आणि त्याची कडक काळी गाठ बनते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. धागा मिश्र असेल तर दोन्ही खुणा दिसतात, राखेत कडक कण लागतात.

हे कशासाठी? क्लोरीनचे ब्लीच पांढऱ्या सुताला चालते, पण रेशीम आणि लोकर त्यात गळून जाते. खनिज ॲसिड सुताला खाते. औषध कापडाला मानवणारे नसेल तर डाग जाईल आणि त्याच्याबरोबर कापडही जाईल. रंगीत कापडावर कोणतेही औषध लावण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे आणि पांढऱ्या फडक्याने टिपून पाहावे. फडक्याला रंग लागला तर तिथेच हात आवरावा.

कोणत्या डागाला काय

रक्त, दूध, अंडे, घाम : यात प्रथिने असतात. गरम पाणी लागले की अंडे उकडल्यावर घट्ट होते तशी ती धाग्यात घट्ट बसतात. म्हणून आधी थंड पाणीच. थंड पाण्यात भिजवून, मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून तासभर ठेवावे. कुर्बानीच्या दिवसांत कपड्यांवर रक्ताचे डाग पडतात, त्यांना हीच रीत.

तेल, तूप, कुरम्याचा रस्सा : ताज्या डागावर टाल्कम पावडर किंवा मैदा भुरभुरावा, तो तेल शोषतो. अर्ध्या तासाने झटकून भांडी घासण्याचा द्रव साबण चोळावा आणि कापडाला झेपेल तितक्या गरम पाण्याने धुवावे. तेलाचा डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री करू नये, उष्णतेने तेल पक्के बसते.

हळद : दस्तरखानावर सर्वांत हट्टी डाग हिचाच. साबण लागताच तो लालभडक होतो आणि घरची मंडळी घाबरतात. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो, लिंबू लावले की पुन्हा पिवळा होतो. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो आणि उन्हात उडतो. म्हणून आधी तेलाचा भाग साबणाने काढावा, मग कापड ओले असतानाच कडक उन्हात टाकावे. दोन-तीन दिवसांच्या उन्हात बहुतेक डाग उडतो. सर्वांत स्वस्त औषध हेच.

चहा, डाळिंब, पान : यांत कषाय द्रव्य असते. कडक क्षाराच्या साबणाने असा डाग आणखी गडद होऊ शकतो. आधी लिंबाचा रस किंवा पांढरा सिरका लावून धुवावे. पांढऱ्या सुती कापडावर खूण उरली तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लावावे. पानाच्या डागात कत्थ्याबरोबर चुनाही असतो. चुन्याला आंबट पदार्थच तोडतो, म्हणून इथे लिंबू किंवा आंबट दही आधी.

बॉलपेनची शाई : खाली जुने फडके ठेवून वरून स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टिपत राहावे. चोळू नये, चोळल्याने शाई पसरते. फडके सारखे बदलत राहावे.

गंज : पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कापडाला, खिळ्याला अडकलेल्या ठाणाला हा डाग पडतो. पांढऱ्या सुतावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावे. जुन्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागते. एक चहाचा चमचा अर्ध्या लिटर कोमट पाण्यात विरघळवून डागावर लावावे, डाग गेला की भरपूर पाण्याने धुवावे, कापडात वाळू देऊ नये. हे विष आहे. हातमोजे घालावेत आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये. गंजाच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच कधीही टाकू नये, डाग आणखी पक्का होतो. पेरॉक्साइडही टाकू नये. लोखंडाच्या कणामुळे पेरॉक्साइड त्या जागी इतक्या जोराने काम करते की सूत जळून बारीक भोके पडतात.

मागाचे काळे तेल : मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांतील माल घेणाऱ्यांना हा डाग ठाऊक आहे. त्यात तेलाबरोबर यंत्राच्या झिजेचे लोखंडी कण असतात. आधी तेल काढणारे द्रव्य, मग साबण, आणि पिवळी खूण राहिली तर गंजाचे औषध, असा क्रम ठेवावा. हा डाग काढण्याची जी तीव्र द्रव्ये गोदामात फवारणीने वापरतात, त्यांची वाफ छातीला आणि डोक्याला घातक असते. कामगाराला बंद खोलीत ते काम देऊ नये.

मेंदी : लोकर आणि रेशीम यांवर मेंदी जवळजवळ कायमची बसते, कारण ती प्रथिनाला धरते. सुती कापडावर पेरॉक्साइडने पुसट होते. लग्नसराईनंतर येणाऱ्या जुन्या रेशमी मालात ही खूण पाहून भाव करावा.

एक गोष्ट घरोघरी सांगून ठेवावी. ब्लीच आणि ॲसिड, किंवा ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र करू नये. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. तसेच शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर या फरशा चुनखडीच्या जातीच्या आहेत. लिंबू, सिरका किंवा ॲसिडने त्यांचा डाग जात नाही, फरशीच खाल्ली जाते. त्यांना साबण आणि ब्रश पुरे.

डागी लाटेचा भाव

आता खरेदीकडे वळू. डागी लाट घेताना वरचे दोन ठाण पाहून सौदा करू नये. वरचा, मधला आणि अगदी तळाचा असे ठाण उघडायला लावावेत. घडीची कड उजेडात धरावी. कडेला रंग उडालेला असेल तर तो उन्हाचा परिणाम आहे, धुऊन जाणारा नाही. करड्या-काळ्या ठिपक्यांची बुरशी असेल तर त्या जागी कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणावे. टर्रकन फाटले तर सूत कुजले आहे, ती तिसरी जात. बोटांनी कापड चोळून पाहावे. पांढरी भुकटी पडली तर विरळ कापड कांजीने जाड केले आहे. जुना पिवळट माल नीळ आणि टिनोपाल देऊन पांढराशुभ्र केलेला असतो. तो दिव्याच्या उजेडात ओळखता येत नाही, दुकानाबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात घडीची आतली बाजू पाहावी.

मग हिसाब. समजा ताजा माल ६५ रुपये मीटरने विकला जातो आणि ५०० मीटरची डागी लाट समोर आहे. तपासणीत असे दिसले : ३०० मीटरवर वरचे डाग, १५० मीटरवर मुरलेले, ५० मीटर कुजलेला. धुतलेला माल गिऱ्हाइकाला सांगून ६० रुपयांनी जाईल, म्हणजे १८,००० रुपये. त्यातून धुलाई ३ रुपये मीटरने ९०० वजा, राहिले १७,१००. मुरलेला माल अस्तराला किंवा गडद रंगवून ३५ रुपयांनी जाईल, त्याचे ५,२५०. कुजलेल्या मालाचे चिंधी म्हणून ५ रुपयांनी २५०. एकूण २२,६००. यातून वाहतूक व मजुरी १,६०० आणि आपला नफा ३,५०० काढला, तर हाती १७,५०० उरतात. म्हणजे या लाटेला ३५ रुपये मीटरच्या वर जाऊ नये. विकणारा ‘अर्ध्या किमतीत देतो’ असे म्हणाला तरी आपला आकडा आपल्या कागदावर असला पाहिजे.

गडद रंगवण्याबद्दल एक सूचना. तेलाचे डाग काढल्याशिवाय कापड रंगवायला देऊ नये. तेलाच्या जागी रंग चढत नाही आणि डागाऐवजी चट्टा दिसतो.

तोच हिसाब जुन्या सिगडीला

कापडाला लागू असलेला हा नियम लोखंडालाही तसाच लागू आहे. कबाबची गाडी, छोटे हॉटेल किंवा घरगुती केटरिंग सुरू करणारा माणूस नवी सिगडी घेण्याऐवजी जुनी पाहतो, आणि त्यात काही गैर नाही. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि प्रत्येक गावच्या भंगार गल्लीत अशा सिगड्या मिळतात. रमजानच्या तोंडावर मागणी असते म्हणून भाव चढा राहतो. ईद झाल्यावर विकणारे जास्त आणि घेणारे कमी असतात. ज्याला घाई नाही त्याने तेव्हा खरेदी करावी.

सिगडीवरही डागाच्या तीन जाती दिसतात. काजळी आणि जळालेल्या चरबीचा काळा थर ही पहिली जात. दिसायला सर्वांत वाईट, पण खर्च सर्वांत कमी. म्हणून काळीकुट्ट सिगडी पाहून नाक मुरडू नये. वरवरचा तांबूस गंज ही दुसरी जात. पापुद्रे सुटलेला, पत्रा पातळ केलेला गंज ही तिसरी. तिला रंग देऊन झाकतात. म्हणून ताजा रंग दिलेली जुनी सिगडी काळ्या सिगडीपेक्षा जास्त संशयाने पाहावी.

“चाचा, सिगडी बरी आहे, पण एकदा उलटी करून तळ दाखवा.”
“अरे बेटा, कालच तर रंग मारलाय.”
“रंग मारलाय म्हणूनच तळ पाहायचाय, चाचा.”

इतके अदबीने विचारले तर कोणी रागावत नाही, आणि जो रागावला त्याच्याकडून घेऊ नये.

सिगडी तपासण्याची रीत

तळ आधी पाहावा. सिगडी वरून जळत नाही, तळाला कुजते. राख ओल धरून ठेवते, आणि गाडी बंद असलेल्या पावसाळ्यात ती राख तशीच पडून राहिली तर तळाचा पत्रा आतून गंजतो. पेचकसाच्या टोकाने जागोजागी टोचून पाहावे. टोक रुतले किंवा पापुद्रा उडाला तर तळ गेला समजावे.

चुंबक फिरवावा. साध्या लोखंडावर चुंबक एकसारखा चिकटतो. एखाद्या जागी पकड ढिली पडली तर रंगाखाली लांबी भरून भोक बुजवलेले असण्याचा संभव मोठा. लांबी आगीपुढे टिकत नाही.

आवाज ऐकावा. जाळी बिडाची असेल तर ती दोरीला टांगून लहान हातोडीने हलके ठोकावे. अखंड बीड ठणठणते, तडा गेलेले बद्द वाजते. तडा गेलेली बिडाची जाळी साध्या वेल्डिंगने नीट जुळत नाही, पुन्हा तापली की तिथेच उघडते.

सळ्या डोळ्याच्या रेषेत धराव्यात. मध्ये खचलेल्या असतील तर सीख सारखी बसत नाही आणि मांस एकीकडे कच्चे, एकीकडे करपलेले निघते. सळ्या बदलता येतात, पण तो खर्च भावातून वजा झाला पाहिजे.

स्टीलच्या नावाला भुलू नये. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम स्टील’ हा समज अपुरा आहे. ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, आणि २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही साधारणपणे चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, ते लवकर गंजते. भंगाराच्या बड्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून मँगनीज ओळखणारे द्रव असते. महागडी स्टीलची सिगडी घेताना ती चाचणी करून मागावी.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आगीवर आणि अन्नाजवळ वापरू नये. कोळशाच्या धगीत जस्त वितळते, त्याचा धूर अपाय करतो. फ्रिजमधली जुनी जाळी काढून सिगडीवर ठेवणारेही दिसतात. अशा जाळ्यांच्या मुलाम्यात कॅडमियम असू शकते आणि ते विषारी आहे. फुकट मिळाली तरी घेऊ नये.

गॅसवरची सिगडी असेल तर बर्नरची नळी गंजलेली नाही ना, चावी सहज फिरते ना, हे पाहावे. रबरी नळी जुनी कधीच वापरू नये, आयएसआय छापाची नवी घ्यावी. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून गॅस सोडावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहणे म्हणजे मौतीला दावत देणे.

वजनाचा हिसाब

लोखंडाचे वजन तराजूशिवायही काढता येते. एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचे वजन ७.८५ किलो भरते. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे आणि १६२ ने भागावे; एक मीटर सळईचे वजन किलोमध्ये मिळते. ८ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.४ किलो, १२ ची सुमारे ०.९ किलो.

उदाहरण घेऊ. सिगडी १.२ मीटर लांब, ०.३ मीटर रुंद, ०.२ मीटर खोल आहे. पत्रा ३ मिलिमीटरचा आहे, जाडी न गंजलेल्या वरच्या कडेला मोजावी. तळ आणि चार बाजू मिळून ०.९६ चौरस मीटर होतात, वजन सुमारे २२.६ किलो. ८ मिलिमीटरच्या ४० सळ्या, प्रत्येकी ०.३ मीटर, म्हणजे १२ मीटर. वजन सुमारे ४.७ किलो. चार पायांचा ॲंगल ३ मीटर, सुमारे ३.३ किलो. नवी असताना ही सिगडी साधारण ३०.६ किलोची होती.

आता राख-काजळी खरवडून ती काट्यावर ठेवा. काटा २६ किलो दाखवत असेल तर साडेचार किलोपेक्षा जास्त लोखंड गंजाने खाल्ले. तळाच्या पत्र्याचे नवे वजनच साडेआठ किलो होते. गेलेले लोखंड बहुतेक तिथले आणि सळ्यांचे आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते काटा सांगतो.

भावाच्या दोन कडा असतात. खालची कड भंगाराची. समजा त्या दिवशी भंगार ३५ रुपये किलो आहे, तर २६ किलोचे ९१० रुपये. याच्या खाली विकणारा येणार नाही, कारण भंगारवाला त्याला तेवढे देतो. वरची कड नव्या सिगडीची. समजा तशी नवी वेल्डिंगवाला ६,००० रुपयांत बनवून देतो आणि ती रोजच्या वापरात चार वर्षे चालते. म्हणजे महिन्याला १२५ रुपये खर्च. जुनी आणखी दोन वर्षे चालेल असा अंदाज असेल तर तिची किंमत २४ महिन्यांचे ३,००० रुपये. त्यातून सळ्या व ठिगळ १,००० आणि सफाई-वाहतूक ४०० वजा करा. उरले १,६००. म्हणून सौदा ९१० आणि १,६०० यांच्यामध्ये तुटला पाहिजे.

विकणारा ३,५०० मागत असेल तर हिसाब उलटा करून पाहा. ३,५०० आणि दुरुस्तीचे १,४०० मिळून ४,९०० होतात, आणि ते २४ महिन्यांना भागले तर महिन्याला २०४ रुपये. नवी १२५ ला पडते, जुनी २०४ ला. अशी ‘स्वस्त’ सिगडी नव्यापेक्षा महाग झाली. शेवटी भंगाराचे पैसे दोन्ही सिगड्यांचे हाती येतात, म्हणून ते इथे धरले नाहीत. वरचे सगळे आकडे समजुतीसाठी आहेत. आपल्या गावचा त्या दिवसाचा भंगाराचा भाव आणि वेल्डिंगवाल्याचा दर विचारून आपले आकडे घालावेत, रीत बदलत नाही.

घेतल्यावर सफाई

सिगडी घरी आली की आधी तिच्यात कोळसा भरून तासभर नुसती तापवावी. जुनी चरबी जळून कोरडी होते आणि खरवडली की निघते. उरलेल्या चिकटपणाला बादलीभर गरम पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा घालून सळ्या रात्रभर भिजत ठेवाव्यात. फार हट्टी थराला कॉस्टिक सोडा लागतो, पण तो डोळ्यांना आणि कातडीला जाळतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावा. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, ते उसळते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला किंवा भागाला कॉस्टिक लावू नये, ॲल्युमिनियम त्यात विरघळते आणि पेटणारा वायू सुटतो.

वरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा. सळ्या सिरक्यात रात्रभर ठेवल्या तरी गंज सुटतो. ब्रश केल्यावर ओल्या फडक्याने सळ्या दोनदा पुसाव्यात. तुटलेली तार सळईला चिकटून राहिली तर ती कबाबातून गिऱ्हाइकाच्या घशात जाते. स्टीलच्या सिगडीला संडासाचे ॲसिड किंवा क्लोरीनचे ब्लीच लावू नये, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

शेवटी लोखंड पूर्ण कोरडे करून तापवावे, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पुन्हा तापवावे. असे दोन-तीन वेळा केले की काळसर थर धरतो आणि गंज लवकर येत नाही. जिथे मांस टेकते तिथे रंग कधीच लावू नये. रोज रात्री राख काढून तळ कोरडा ठेवला, तर सिगडीची उमर त्यानेच वाढते.

विकताना काय

आतापर्यंत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले. पण आज घेणारा तोच उद्या विकणारा असतो. सहीह मुस्लिममध्ये धान्याच्या ढिगाची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले असे मालकाने सांगितल्यावर, मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, असे बजावले. व्यापाऱ्याला यात सगळे आले. डाग धुऊन विकणे ही मेहनत आहे, तिचा नफा हलाल आहे. ऐब रंगवून विकणे ही फसवणूक आहे.

धंद्याच्या नजरेने पाहिले तरी यात नुकसान नाही. “हा माल धुतलेला आहे, म्हणून पाच रुपये कमी” असे सांगून विकलेला ठाण परत येत नाही, त्यावर भांडण होत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या ईदला भावाला घेऊन येते. सिगडी विकताना “सळ्या नव्या आहेत, तळाला एक ठिगळ आहे” असे सांगितले तर कदाचित दोनशे रुपये कमी येतील. पण घेणारा त्याच गल्लीत रोज उभा राहणार आहे, आणि त्याच्या तोंडून आपले नाव कसे निघेल हे त्या दोनशे रुपयांवर ठरते.

तेव्हा बंधूंनो, पुढच्या वेळी खरेदीला निघताना खिशात एक लहान चुंबक, एक पेचकस, काडेपेटी, मोजण्याची टेप आणि कागद-पेन्सिल ठेवा. डाग पाहून घाबरू नका आणि चमक पाहून भुलू नका. डाग कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा, हिसाब कागदावर मांडा आणि मगच बयाण्याला हात घाला.